नवी म्हणून घेतलेली डिस्क २१ हजार तास चाललेली निघाली: डेबियन १२ वर स्मार्टमॉनटूल्स ७.४, काही महिने वापरून

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो. डेबियन १२ या लिनक्सवर सर्व्हर चालवत असाल तर बॅकपोर्ट्समधनं (चालू रिलीजसाठी नवी पॅकेज देणारी डेबियनचीच रिपॉझिटरी) स्मार्टमॉनटूल्स ७.४ घ्या, म्हणजे डिस्कची तब्येत वाचणारं टूल. एक पैसा लागत नाही, बाकीचा सर्व्हर जागचा हलत नाही, आणि माझे तर एका आख्ख्या डिस्कचे पैसे वाचलेत. ज्यांना घाई नाही त्यांनी पुढं वाचा, कारण मला एका गोष्टीवर जरा जास्तच बोलायचंय आणि ती म्हणजे या टूलचे मेल.

सेटअप थोडक्यात. सांगलीत दाजींचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे, तिथला सर्व्हर मी बघतो, म्हणजे फुकट बघतो. जुना असेंबल केलेला पीसी, ४ जीबी रॅम, बूटला छोटी एनव्हीएमई एसएसडी, लग्नांच्या फुटेजसाठी ८ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा), वर सांबा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करायला). मशीन पहिल्या मजल्यावर आहे कारण २०१९ चा महापूर ज्यानं सांगलीत बघितलाय तो तळमजल्यावर साधा राउटर पण ठेवत नाही. दाजींना एवढंच कळतं की झेड ड्राइव्ह दिसतोय की नाही, आणि तेवढंच कळायला पाहिजे, बाकीचं कळायला लागलं तर माझी गरज काय.

तर दोनातल्या एका डिस्कचे रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) वाढायला लागले, पाठोपाठ पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणाऱ्या जागा) पण दिसले. डिस्क जाणार हे उघड होतं. दाजींना एका विक्रेत्याकडनं बाजारभावापेक्षा दोनेक हजारांनी स्वस्तात तशीच डिस्क मिळाली, सीलबंद पिशवीत, "एकदम नवीन, पाच वर्षं वॉरंटी". दाजी खूश, मी पण खूश, आमच्या घरात दोन हजार वाचले की दोन दिवस तोच विषय असतो.

लावायच्या आधी मी तिचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो) काढला. पॉवर ऑन अवर्स ६. रिअलोकेटेड शून्य, सगळं शून्य, हेल्थ पास. पण साटाच्या कनेक्टरवर कुणीतरी केबल भरपूर वेळा घातल्या-काढल्यासारखे ओरखडे होते आणि स्क्रूच्या एका भोकाच्या कडेचा रंग गेलेला. कारखान्यात टेस्ट करतात हे मान्य, पण इतकी?

इथं जानेवारी २०२५ मधलं ते प्रकरण आठवलं. जर्मनीत लोकांना सीगेटच्या एक्झॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या आणि त्या हजारो तास चाललेल्या निघाल्या. चिया या क्रिप्टोकरन्सीच्या मायनिंग फार्ममधनं उतरवलेला माल असावा असा संशय होता. कुणीतरी स्मार्टमधले तास शून्यावर आणून त्या परत बाजारात सोडल्या होत्या, सीगेटनं आपण असा माल विक्रेत्यांना दिलेला नाही म्हणून सांगितलं. पकडल्या गेल्या कशा, तर या डिस्कमध्ये फार्म नावाचा वेगळा लॉग असतो (हा मायनिंगचा फार्म नाही, नाव तेवढं सारखं), डिस्कच स्वतःसाठी लिहिते, आणि स्मार्ट पुसणाऱ्यांनी तो पुसलेला नव्हता. स्मार्ट म्हणणार ६ तास, फार्म म्हणणार खरं काय ते.

आमची डिस्क पण सीगेटचीच, मग मी पण स्मार्टसीटीएलला (स्मार्टमॉनटूल्समधली रिपोर्ट काढायची कमांड) मायनस एल फार्म दिलं. उत्तर काय, तर "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट टू मायनस एल: फार्म" आणि खाली चालणाऱ्या ऑप्शनची लांबलचक यादी, ज्यात फार्म नाही.

कारण साधं आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं आणि त्यात स्मार्टमॉनटूल्स ७.३ आहे, जे फेब्रुवारी २०२२ चं. फार्म वाचायची सोय ७.४ मध्ये आली आणि ७.४ आलं ऑगस्ट २०२३ ला, म्हणजे डेबियन १२ बाहेर पडल्यावर दोन महिन्यांच्या आत. एवढ्याशा अंतरानं हुकलं, आणि स्टेबलमध्ये (डेबियनच्या पक्क्या रिलीजमध्ये) एकदा हुकलं की त्या रिलीजच्या अखेरपर्यंत ७.३ च राहणार, फार तर सुरक्षेचे पॅच येतील. यावर माझी तक्रार नाही. स्टेबल घेतो आपण त्यासाठीच, रात्रीत काही बदलत नाही म्हणून. (उबुंटू २४.०४ वाल्यांकडं ७.४ आधीपासनं आहे, त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.)

लोक लगेच सांगतात की ड्राइव्ह डेटाबेस अपडेट करा, काम होईल. नाही होत. अपडेट-स्मार्ट-ड्राइव्हडीबी ही कमांड फक्त डिस्कच्या मॉडेलांची यादी नवी करते, म्हणजे कुठल्या मॉडेलचा कुठला आकडा कसा वाचायचा आणि यूएसबी डब्यातल्या डिस्कशी कसं बोलायचं ते. "नॉट इन स्मार्टसीटीएल डेटाबेस" असं येत असेल तर तिचा उपयोग आहे, जरूर चालवा. पण प्रोग्राममध्ये जे ऑप्शनच नाही ते यादी बदलून कुठनं येणार. ७.३ मध्ये तो लॉग कच्चा हेक्समध्ये काढता येतो, जीपी लॉग शून्य एक्स ए६, पण ते आकडे वाचत बसायला वेळ कुणाला आहे, मला तर नव्हता.

मग रस्ते तीन. पहिला, सोर्स आणून कंपाइल करणं. चालतं, पण ते यूएसआर लोकलमध्ये बसतं, डेबियनचं जुनं पण तिथंच राहतं, सर्व्हिस जुनं चालवते आणि टर्मिनलमध्ये नवं येतं, आणि पुढं पॅच आला की परत सगळं हातानं. दुसरा, सोर्सेसच्या फायलीत टेस्टिंगची (पुढच्या रिलीजची तयारी जिथं चालते ती) ओळ घालणं. हे करू नका. एका टूलसाठी टेस्टिंगचं पॅकेज ओढलं की ते नवी लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात ती लायब्ररी) मागतं आणि लिबसीमागनं अर्धी सिस्टीम बदलते, मग ते ना १२ राहतं ना टेस्टिंग. तिसरा बॅकपोर्ट्स. त्यात टेस्टिंगमध्ये जाऊन बसलेलं पॅकेज तुमच्या स्टेबलच्याच लायब्रऱ्यांवर परत बिल्ड करून दिलेलं असतं.

बॅकपोर्ट्सबद्दल माझं मत आधी चांगलं नव्हतं हे खरं. मला वाटायचं की ती ओळ एकदा घातली की पुढच्या अपग्रेडला सगळंच तिथनं येणार. तसं अजिबात नाही. बॅकपोर्ट्सच्या रिपॉझिटरीवरच खूण असते की आपोआप घेऊ नका, त्यामुळं एपीटी (पॅकेज बसवणारं डेबियनचं टूल) तिला १०० चं प्राधान्य देतं आणि नेहमीच्या रिपॉझिटरीला ५००. तुम्ही मायनस टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स (बुकवर्म म्हणजे डेबियन १२) असं स्पष्ट सांगितल्याशिवाय तिथनं काही येत नाही. आणि एकदा एखादं पॅकेज तिथनं घेतलं की तेवढ्याच पॅकेजचे पुढचे अपडेट तिथनं येत राहतात. एपीटी पॉलिसी स्मार्टमॉनटूल्स असं विचारलं की दोन्ही व्हर्जन आणि दोन्ही आकडे समोर दिसतात, शंका असेल त्यांनी आधी ते बघावं. फक्त एक ध्यानात ठेवा, या पॅकेजांना डेबियनची सिक्युरिटी टीम बघत नाही, ज्यानं बॅकपोर्ट केलं तोच बघतो. त्यामुळं दिसेल ते तिथनं उचलायचं नाही, लागेल तेवढंच.

इन्स्टॉल व्हायला चहा गाळण्याइतका पण वेळ लागला नाही. एकच पॅकेज आलं, सोबत काही ओढलं नाही. मध्ये विचारतं की स्मार्टडीची (त्याच्याबद्दल पुढं) कॉन्फिग तुमची ठेवू की नवी टाकू (तुम्ही ती बदलली असेल तरच विचारतं), तिथं तुमची ठेवा. रीबूट नाही, सांबा बंद नाही, दाजींना पत्ता पण नाही.

आणि फार्म लॉग उघडला. पॉवर ऑन अवर्स: २१ हजार आणि वर काहीतरी. वर्षाचे तास होतात ८,७६०, म्हणजे ही डिस्क दोन वर्षांपेक्षा जास्त सलग फिरलेली. स्पिंडलचे तास पण तेवढेच, हेड फ्लाइटचे तास पण त्याच घरात. आणि स्मार्ट म्हणतंय ६! त्या क्षणी राग आला पाहिजे होता, पण खरं सांगायचं तर मला आनंदच झाला, इतका की दाजींना दुकानात गिऱ्हाईक असताना फोन केला.

विक्रेत्याशी जे झालं ते सगळं लिहीत नाही, तुम्हाला अंदाज येईल. आधी "साहेब, लिनक्समध्ये काहीपण दाखवतं", मग "आमच्या विंडोजवर गुड दाखवतंय बघा" (दाखवणारच, ते स्मार्टच वाचतंय, जे पुसलंय), मग "कंपनीत टेस्टिंग होतं त्याचे तास असतात ते". २१ हजार तास टेस्टिंग! शेवटी कामाला आलं ते दोन गोष्टी एकत्र ठेवल्या म्हणून. फार्मचा रिपोर्ट, आणि त्याच सिरियल नंबरची वॉरंटी जी कंपनीच्या साइटवर पाच वर्षांच्या जवळपास पण नव्हती. वॉरंटीच्या पानापुढं त्याला बोलता येईना. दाजींनी बोलताना आवाज चढवला नाही, फक्त "आम्ही बिल घेतलंय बरं का" एवढं अधूनमधून म्हणत राहिले, आणि पैसे परत आले. दुसरी डिस्क दुसरीकडनं घेतली, दोन हजार जास्त देऊन, आणि तिचे स्मार्ट आणि फार्म दोन्ही आकडे जुळतात.

इथंपर्यंत पाचपैकी पाच स्टार. आता मेल.

स्मार्टडी हा मागं चालणारा भाग, दर अर्ध्या तासानं डिस्क बघतो आणि काही बिघडलं तर मेल करतो. या टूलचा जन्मच त्यासाठी, कारण रोज बसून रिपोर्ट कोण वाचतो. डेबियनच्या कॉन्फिगमध्ये मूळ ओळ अशी असते की सगळ्या डिस्क शोध, झोपलेली असेल तर उठवू नको, आणि गडबड झाली तर रूटला (मशीनच्या ॲडमिन खात्याला) मेल कर. रूटला! त्या बिचाऱ्या रूटचा मेल वाचतो कोण? आणि मेल जाणार कशानं? माझ्या मिनिमल सर्व्हरवर मेल पाठवायची कमांडच नव्हती. चालू करताना टेस्ट मेल पाठव म्हणून एक ऑप्शन आहे, मायनस एम टेस्ट (त्यातला एम मोठा), ते लावून सर्व्हिस रीस्टार्ट केली तर जर्नलमध्ये बारीक अक्षरात ओळ, की सिस्टीममध्ये मेल नाही, मेलएक्स किंवा मेलयुटिल्स टाका. जर्नलमध्ये! म्हणजे डिस्क मरायला लागली तर त्याची बातमी त्या मरणाऱ्या मशीनच्याच लॉगमध्ये, आणि १२ मध्ये आरसिसलॉग पण मुळात येत नाही त्यामुळं जुन्या सवयीनं सिसलॉगची फाइल शोधाल तर ती पण नाही, जर्नलसीटीएलच बघायला लागतं. स्वयंपाकघरात गॅसचा अलार्म लावायचा आणि त्याचा भोंगा माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवायचा, असला हा प्रकार आहे.

मला माहितीये काही जण म्हणणार की ॲडमिननं मेल सेट करायचा असतो. असतो ना. पण इन्स्टॉल होतानाच "तुझ्याकडं मेल नाही, मी ओरडलो तरी कुणाला ऐकू येणार नाही" एवढं एक वाक्य स्क्रीनवर टाकायला काय हरकत होती? इतकं हुशार टूल, डिस्कच्या पोटातला लपवलेला लॉग वाचतंय, आणि स्वतःचा आवाज बाहेर जातोय का हे बघत नाही. आणि ७.३ वरनं ७.४ वर आलो तरी यात फरक शून्य.

माझा उपाय: स्मार्टडी मेल थेट पाठवत नाही, स्मार्टडी-रनर नावाच्या स्क्रिप्टला देतो आणि ती ईटीसीमधल्या स्मार्टमॉनटूल्सच्या रन.डी फोल्डरात जे असेल ते सगळं चालवते. मेलची स्क्रिप्ट तिथंच आहे, शेजारी मी चार ओळींची आपली ठेवली, जी कर्लनं टेलिग्रामवर मेसेज टाकते. मजकूर स्मार्टडी_मेसेज या व्हेरिएबलमध्ये तयार मिळतो. दोन गोष्टी बघून ठेवा. फाइलच्या नावात टिंब ठेवायचं नाही, म्हणजे शेवटी .एसएच लावलंत की ती गुपचूप गाळली जाते, एरर पण येत नाही. आणि कॉन्फिगमध्ये डिव्हाइसस्कॅन या ओळीच्या खाली जे लिहाल ते वाचलंच जात नाही, त्यामुळं आपल्या डिस्कच्या ओळी तिच्या वर घाला किंवा तिला कॉमेंट करा. हे दुसरं कॉन्फिगमध्येच कॉमेंटमध्ये लिहिलंय, पण कॉन्फिगमधल्या कॉमेंट वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता मेसेज येतो. माझ्या फोनवर येतो, दाजींच्या नाही, त्यांच्या फोनवर टाकला तर रोज विचारतील.

सेल्फ टेस्ट पण लावल्यात, रोज रात्री २ ला छोटी आणि शनिवारी पहाटे ३ ला मोठी. ८ टीबीला मोठी टेस्ट अर्ध्या दिवसाच्या वर जाते आणि आमच्याकडं तेवढा वेळ सलग लाईट असेलच असं नाही, यूपीएस दम सोडतो, त्यामुळं लॉगमध्ये "इंटरप्टेड, होस्ट रीसेट" अशा ओळींची रांग लागलीये. त्यानं बिघडत काही नाही, पण टेस्ट पूर्ण पण होत नाही. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवतं ते) स्मार्टसीटीएलचा एक्झिट कोड तपासणाऱ्यांसाठी: शून्य नाही म्हणजे डिस्क गेली असं नसतं. त्या कोडचा एकेक बिट वेगळा आहे, ८ म्हणजे डिस्क खरंच फेल सांगतेय, आणि ६४ म्हणजे फक्त कधीकाळी एरर लॉगमध्ये काहीतरी नोंद झालीये. जुनी केबल सैल असतानाची नोंद असली तरी ६४ येतच राहणार, केबल बदलली तरी.

एनव्हीएमईसाठी ७.४ मध्ये अजून एक गोष्ट मिळाली जी मी मागितली पण नव्हती. आता स्मार्टसीटीएलनंच तिची सेल्फ टेस्ट सुरू करता येते आणि निकाल वाचता येतो, ७.३ मध्ये त्यासाठी एनव्हीएमई-सीएलआय वेगळं लागायचं. (डिस्कमध्ये ती सोय असली पाहिजे, सगळ्यांत नसते.) आमच्या बूट डिस्कचा "अनसेफ शटडाउन"चा आकडा बघून दाजींना नवा यूपीएस घ्यायला तयार करतोय. आकडा दाखवला, "बरं" म्हणाले, म्हणजे दिवाळीनंतर.

मध्यंतरी मी स्क्रुटिनी पण लावलं होतं, ते वेबवर रंगीत डॅशबोर्ड देतं. पहिल्या आठवड्यात मी त्याच्या प्रेमात होतो, तापमानाचे ग्राफ, एका पानावर सगळ्या डिस्क, दाजींना पण आवडलं. नंतर उतरलं. ते इन्फ्लक्सडीबी हा डेटाबेस घेऊन येतं आणि ४ जीबीच्या मशीनवर त्याची रॅम खटकायला लागली. शिवाय डिस्क स्वतः पास म्हणत असताना हे बॅकब्लेझ या बॅकअप कंपनीच्या आकडेवारीवरनं स्वतःची मर्यादा लावून फेल्ड दाखवतं. त्यात तथ्य नाही असं नाही, बॅकब्लेझनं हजारो डिस्क बघून ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या पाच ॲट्रिब्यूटवर लक्ष ठेवा असं सांगितलंय आणि मी पण तेच बघतो. पण दाजींनी लाल अक्षरात फेल्ड बघितलं आणि लग्नाच्या सीझनमध्ये मला कामावरनं बोलावून घेतलं. काढून टाकलं. वीस डिस्क असतील तर लावा, दोन-तीन डिस्कला टेलिग्रामचा मेसेज पुरतो. (तापमानासाठी हार्डडीडीटेंप शोधत असाल तर ते १२ मधनं गेलंय, कर्नलचं ड्राइव्हटेंप मॉड्यूल लोड करा, सेन्सर्समध्ये दिसतं.)

अपडेट: वरचं लिहून झाल्यावर फार्मबद्दल जरा खाली यावं लागतंय. फार्मचे आकडे पण बदलून माल विकायला लागलेत अशा बातम्या नंतर आल्या. म्हणजे फार्म आणि स्मार्ट जुळले नाहीत तर डिस्क जुनी हे नक्की, पण जुळले म्हणजे नवी असं छातीठोक सांगता येत नाही. सिरियल नंबरची वॉरंटी कंपनीच्या साइटवर बघणं हेच पहिलं काम, बिल व्हायच्या आधी, फार्म त्याच्यानंतर. आणि फार्म फक्त सीगेटचा, बाकी कंपन्यांच्या डिस्कला हे ऑप्शन काही देत नाही.

आणि पास या शब्दावर जीव टाकू नका. गुगलनं २००७ मध्ये त्यांच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा पेपर काढला होता, त्यात फेल झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी चार मुख्य स्मार्ट खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. मात्र एकदा स्कॅन एरर दिसली की पुढच्या ६० दिवसांत डिस्क जायची शक्यता ३९ पट. म्हणून माझा नियम, टूल गप्प असेल तर त्यावर विश्वास नाही, बोललं तर लगेच डिस्क बदलायची. फुटेजची एक कॉपी माझ्या घरी, विश्रामबागला, वेगळ्या डिस्कवर असते.

स्टार चार. एक मेलसाठी कापला आणि परत देणार नाही.

१३ वर जाणाऱ्यांसाठी: त्यात ७.४ मुळातच आहे, त्यामुळं हा सगळा खटाटोप १२ पुरताच. अपग्रेडच्या आधी सोर्सेसमधली बुकवर्म-बॅकपोर्ट्सची ओळ काढून टाका, पॅकेज काढायची गरज नाही. बॅकपोर्टच्या व्हर्जनमागं जे "~बीपीओ१२" असं शेपूट असतं त्यातल्या ~ मुळं एपीटी त्याला १३ मधल्या मूळ पॅकेजपेक्षा जुनं धरतं आणि अपग्रेडमध्ये ते आपोआप बदललं जातं. एनव्हीएमईच्या टेस्ट मात्र तिथं पण स्मार्टडी वेळापत्रकानं लावत नाही, ते ७.५ मध्ये आलंय, तोपर्यंत क्रॉनमध्ये एक ओळ घालून आठवड्याला छोटी टेस्ट चालवतो.